हिरवळीतला पंक्तिप्रपंच

डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरांत घर घेतलेल्या मराठी माणसाला आपल्या घराची खडान्‌खडा माहिती असते. कर्जाचा व्याजदर, शाळेची क्रमवारी, इंडियन किराणा किती मिनिटांवर, गारपीट झाली तर छपराचे विमावाले किती देतात, सगळं तोंडपाठ. ठाऊक नसते ती एकच गोष्ट. आपल्या लॉनला पाणी कसं मिळतं, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी कधी पाहिलेलं नसतं.

यात त्याचा दोष नाही. हा कार्यक्रम पहाटे चारच्या सुमारास उरकतो. डॅलस शहरात एप्रिल ते ऑक्टोबर सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत स्प्रिंकलर लावायला बंदी आहे, आणि २०१२ पासून आठवड्यातून दोनच दिवस पाणी देता येतं. आसपासच्या गावांचे नियम थोड्याफार फरकाने असेच. आमच्या गावात तर एकच दिवस. शिवाय पहाटे वारा पडलेला असतो, ऊन नसतं, पाणी हवेतल्या हवेत उडून जात नाही. म्हणून गॅरेजच्या भिंतीवरच्या पेटीत वार आणि मिनिटं भरून ठेवायची आणि झोपायचं. फवारे जमिनीतून वर येतात, आपलं काम करतात आणि पुन्हा जमिनीत जातात. सकाळी पदपथ ओला दिसला की मालक समाधानाने गाडी काढतो. पदपथ का ओला, पाणी तर गवताला द्यायचं होतं, हा प्रश्न त्याला पडत नाही. ऑफिसला उशीर होत असतो.

आधी या पाण्याची रचना सांगायला हवी. सगळ्या अंगणाला एकदम पाणी देण्याइतका जोर नळाला नसतो, म्हणून अंगणाचे भाग पाडतात. प्रत्येक भागाला म्हणायचं झोन. एका झोनला एक व्हॉल्व्ह, आणि त्या व्हॉल्व्हवर फवाऱ्याची सहा-आठ तोंडं, म्हणजे हेड. व्हॉल्व्ह उघडला की सगळी हेड एकदम चालू, मिटला की सगळी एकदम बंद. म्हणजे ही पंगतच. सगळ्यांनी एका वेळी बसायचं, एका वेळी उठायचं, आणि वेळ ठरवणार गॅरेजमधली पेटी.

आता वाढप्यांकडे वळू. पहिला स्प्रे. हा जागचा हलत नाही. पंख्याच्या आकाराचा फवारा धरून उभा राहतो आणि आपल्या दहा-पंधरा फुटांच्या टापूत तासाला साधारण चाळीस मिलिमीटर पाणी ओततो. याच्या हातात ओगराळं. दुसरा रोटर. हा पाण्याची एकच धार पकडून सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरतो, तीस-पस्तीस फूट लांब फेकतो, पण एवढ्या मोठ्या टापूत फिरायचं म्हटल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला येतं तासाला दहा ते पंधरा मिलिमीटर. याच्या हातात पळी. दोघेही आपापल्या जागी गुणी. लहान चौकोनी तुकड्याला स्प्रे, मोठ्या मैदानाला रोटर, असं खुशाल ठेवावं. फक्त दोघांना एकाच पंगतीत सोडू नये. सोडलं की एका पानातून आमटी ओघळून शेजारच्याच्या धोतराला लागते आणि दुसऱ्या पानावर मीठ-लिंबाच्या पुढे काही सरकलेलं नसतं. आणि तोवर पेटी म्हणते, उठा.

आकड्यांत सांगतो. उन्हाळ्यात इथल्या गवताला आठवड्याला साधारण एक इंच, म्हणजे पंचवीस मिलिमीटर पाणी लागतं. स्प्रेला ते द्यायला चाळीस मिनिटं पुरतात. रोटरला दोन तास. मिश्र झोनमध्ये रोटरकडचं गवत जगवायचं ठरवलं आणि दोन तास लावले, तर स्प्रेच्या कोपऱ्यात ऐंशी मिलिमीटर पडतं. आपल्याकडे दिवसाला पासष्ट मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की महसूल खातं अतिवृष्टी धरतं. एकाच अंगणात, एकाच पहाटे, पाच पावलांच्या अंतरावर अतिवृष्टी आणि अवर्षण, हा विक्रम मराठवाड्यालाही जमलेला नाही.

बरं, गोष्ट मिनिटांवर भागत नाही. स्प्रेला तीस पीएसआय दाब पुरतो, रोटरला पंचेचाळीसच्या आसपास लागतो. दाब रोटरच्या सोयीचा असला तर स्प्रेचं पाणी धुकं होऊन शेजाऱ्याकडे जातं. स्प्रेच्या सोयीचा असला तर रोटर अर्धवट वर येतो, दोन अंश फिरतो आणि तिथेच पाझरत बसतो.

मग असं मिश्रण होतंच कसं? कुणी मुद्दाम करत नाही. बिल्डर घर विकताना बहुतेक एकसारखी हेड लावून देतो. पुढे गवत कापणाऱ्याच्या यंत्राखाली एक हेड येतं. शनिवारी सकाळी मालक मोडकं हेड प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जातो. तिथे स्प्रिंकलरची एक अख्खी गल्ली असते. काळी, हिरवी झाकणं, चार इंची, सहा इंची, बारा इंची, पाव वर्तुळ, अर्धं वर्तुळ, पूर्ण वर्तुळ. माणूस चक्रावतो, आणि चक्रावलेला माणूस जे महाग आणि मोठं दिसतं ते उचलतो. रोटर मोठा दिसतो. स्प्रेचं बूड अर्ध्या इंची आट्यांचं आणि रोटरचं पाऊण इंची. निसर्गाने, किंवा निदान कंपन्यांनी, या दोघांची सोयरीक होऊ नये अशी एवढी तजवीज करून ठेवलेली आहे. पण त्याच गल्लीत, कमरेच्या उंचीवर, अर्ध्याचं पाऊण करून देणारं अ‍ॅडॅप्टर टांगलेलं असतं. किंमत एखाद्या डॉलरच्या आसपास. टेफ्लॉन टेप घरी असतोच.

गंमत म्हणजे टेक्सासमध्ये याविरुद्ध चक्क नियम आहे. इथे लॉनची पाइपलाइन टाकायला राज्याचा परवाना लागतो, त्यासाठी परीक्षा द्यावी लागते, आणि नियमावलीत स्पष्ट लिहिलंय की एका झोनमधल्या सगळ्या हेडनी एकाच दराने पाणी दिलं पाहिजे. मात्र स्वतःच्या घरी स्वतः काम करणाऱ्या मालकाला परवान्याची अट नाही. त्यामुळे परवानाधारक माणूस पंगत मांडून जातो, आणि पुढची वीस वर्षं घरमालक तिच्यात दर शनिवारी एकेक नवा वाढपी उभा करतो.

आम्ही घेतलेल्या घरात आमच्याआधी बरेच मालक नांदून गेले होते, आणि प्रत्येकाने पुढच्या अंगणात आपली खूण ठेवली होती. बिल्डरच्या काळातले मूळ स्प्रे होते. कुणा हौशी गृहस्थाने बसवलेले रोटर होते, तेही दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे. एक स्प्रे असा होता की त्याच्या वाट्याला फक्त टपालपेटी होती. आणि सोनचाफ्यासारख्या दिसणाऱ्या मॅग्नोलियाखाली एक पितळी इम्पॅक्ट होता, हातोडीवाला, टिक-टिक-टिक करत पुढे जाणारा आणि चर्रर्र करत परत येणारा. सगळे एकाच झोनवर. चार वाजता उठून मी हे पाहिलं असतं तर कदाचित झोप उडाली असती. पण मी वर सांगितलेल्या मराठी माणसांपैकीच.

उन्हाळा लागला की अशा अंगणात एक पिवळा तुकडा पडतो. मग घरोघरी त्याची चिकित्सा सुरू होते. डॅलसमधल्या मराठी मंडळींच्या कुठल्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पिवळ्या तुकड्याचा फोटो टाकून पाहा. एक जण सांगेल कुत्रा. तुमच्याकडे कुत्रा नाही म्हटलं तर शेजाऱ्याचा. दुसरा सांगेल मुळं खाणाऱ्या अळ्या, आणि सोबत अळीचा असा फोटो पाठवेल की रात्रीचं जेवण जाणार नाही. तिसऱ्याच्या मते बुरशी, चौथ्याच्या मते नत्र, आणि एक जण हमखास विचारतो, घर घेताना वास्तू बघितली होती का, कारण तुकडा ईशान्येला दिसतोय. हेडवर संशय कुणीच घेत नाही. हेड तर पाणी देतंय ना! मग शेवटी जो सार्वजनिक उपाय सगळ्यांना मान्य होतो तो असा, की मिनिटं वाढवा. पेटीतली पंधराची वीस होतात, वीसची तीस. पिवळा तुकडा थोडा हिरवट होतो, आणि पलीकडच्या कोपऱ्यात अळंबी उगवतात. पाणी फुटपाथवरून रस्त्यावर, रस्त्यावरून गटारात. आठवड्याभरात घरमालक संघाचं पत्र येतं की आपल्या अंगणात पिवळा भाग आढळला आहे, आणि महिनाअखेरीस पाण्याचं बिल येतं. दोन्ही एकाच टपालपेटीत, ज्या पेटीला तो एक स्प्रे इमानेइतबारे भिजवत असतो.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज आहे की घराबाहेर वापरल्या जाणाऱ्या पाण्यापैकी निम्म्यापर्यंत पाणी वारा, बाष्पीभवन, वाहून जाणं आणि चुकीची पद्धत यांतच जातं. गटाराच्या तोंडाशी उभं राहिलं तर हा अंदाज उदार वाटतो.

गेल्या उन्हाळ्यात बाबा आले. रावेरजवळ आमची केळीची बाग आहे, आणि बाबांचं सगळं आयुष्य पाण्याच्या नळ्यांत गेलं. आधी पाट, मग भवरलाल जैनांनी जळगावहून ठिबक घराघरांत पोचवलं तेव्हापासून ठिबक. आई-बाबांना सहा महिने राहायची परवानगी मिळाली की पहिला महिना जेट लॅग आणि देऊळ यांत जातो, दुसऱ्या महिन्यापासून माणूस काम शोधू लागतो. बाबांनी आल्या-आल्या अंगणात उभं राहून पहिला प्रश्न केला.

“हे काय लावलंय तुम्ही?”

“बर्म्युडा ग्रास, बाबा. उन्हाला चांगलं टिकतं.”

बाबांनी वाकून एक काडी उपटली, उलटीसुलटी केली, आणि माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी दहावीच्या निकालानंतर पहिल्यांदाच पाहिली. “अरे, ही हरळी आहे.”

खरंच हरळी होती. बर्म्युडा म्हणजे हरळी, हरळी म्हणजेच दूर्वा. वनस्पतिशास्त्रात सगळ्यांचं नाव एकच, सायनोडॉन डॅक्टिलॉन. जी शेतातून काढण्यासाठी आजोबांनी नांगराचे फाळ झिजवले, जिची मुळी राहू नये म्हणून उन्हाळ्यात रान तापत ठेवलं, तिला मी सालाला दोनदा खत घालत होतो, तिच्यासाठी पाण्याचं बिल भरत होतो, आणि ती एका तुकड्यात मरतेय म्हणून रडत होतो. “हरळी मरते?” बाबांनी विचारलं. “आम्हाला सांगितलं असतंस कशी मारतात ती, तर चाळीस वर्षं वाचली असती.”

२००५ साली क्रिस्टिना मिलेसी आणि सहकाऱ्यांनी उपग्रहाच्या मदतीने अंदाज बांधला होता की अमेरिकेत पाणी देऊन वाढवल्या जाणाऱ्या कुठल्याही एका पिकापेक्षा लॉनचं क्षेत्र मोठं आहे, ओलिताच्या मक्याच्या जवळपास तिप्पट. हे मी बाबांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ते म्हणाले, “भाव काय मिळतो?”

पुढचा धक्का मातीचा. डॅलसच्या आजूबाजूला काळी माती आहे, कापसाची. ब्लॅकलँड प्रेअरी म्हणतात त्या पट्ट्याला. तिच्यातल्या प्रसिद्ध मातीचं नाव ह्यूस्टन ब्लॅक, आणि ती आपल्या दख्खनच्या काळ्या मातीच्याच गणातली. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून हाताएवढ्या भेगा पडतात. ती आकसली की घराचा पाया हलतो, भिंतींना तडे जातात, म्हणून इथले लोक उन्हाळ्यात घराच्या पायाला कडेने पाझरनळी टाकून पाणी देतात. हे बाबांना समजावणं अवघड गेलं. “स्लॅबला एकवीस दिवस पाणी मारतात हे ठाऊक आहे,” ते म्हणाले, “तुमचा गवंडी अजून मारतोय?” उकाड्याचं मात्र त्यांनी काही मनावर घेतलं नाही. बाहेर चाळीस अंश झालं की अख्खं डॅलस घरात कोंडून घेतं. बाबा भुसावळच्या आठवणी काढत टोपी घालून अंगणात.

आणि म्हणूनच पंचाईत झाली. बाबा पहाटे चारला उठतात. जे मी इतकी वर्षं पाहिलं नव्हतं ते त्यांनी चहा घेत पायरीवर बसून पाहिलं, आणि नाश्त्याला मला बोलावून घेतलं.

“एका लॅटरलवर चार लिटरचा ड्रिपर आणि आठ लिटरचा ड्रिपर लावतो का कुणी?”

“नाही.”

“का नाही?”

“एका झाडाला दुप्पट पाणी जाईल.”

“मग हे कोणी लावलं?”

“आधीच्या मालकांनी.”

“आधीच्या मालकांनी लावलं, ठीक आहे. तू इंजिनिअर ना?” बाबांच्या बोलण्यात इंजिनिअर हा शब्द आला की समजावं, आता रविवार गेला.

त्यांचं म्हणणं, बोलून उपयोग नाही, माप घेतलं पाहिजे. अंगणात सारख्या अंतरावर सारखी भांडी ठेवायची, झोन पंधरा मिनिटं चालवायचा, आणि कशात किती पाणी साचलं ते पट्टीने मोजायचं. एक मिलिमीटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरला एक लिटर, हिशेब तोंडी होतो. आईने जेवणाच्या वाट्या काढून दिल्या, त्या बाबांनी परत पाठवल्या. तिरक्या कडेची वाटी खोटं माप दाखवते, कड सरळ हवी. सगळ्या घरात सरळ कडेची, सारख्या मापाची भांडी कुठे असतात? मिसळणाच्या डब्यात. सात आमच्या डब्यातल्या आणि सात आईने जळगावहून स्वतःसाठी आणलेल्या डब्यातल्या. आईचा विरोध होता. हळद कागदावर, मोहरी कागदावर, जिरं कागदावर असा सगळा संसार ओट्यावर मांडून ती खिडकीशी उभी राहिली, आणि दर पाच मिनिटांनी आतून विचारत होती, “लोक बघताहेत का रे?”

लोक बघत होते. शेजारी एक निवृत्त आजोबा राहतात, जन्माने टेक्सासचे, अतिशय सभ्य. हिरवळीवर ओळीने मांडलेल्या स्टीलच्या चकचकीत वाट्या आणि त्यांच्यात अनवाणी फिरणारे टोपीवाले बाबा पाहून ते कुंपणापाशी आले, आणि आवाज खाली आणून मला म्हणाले, “आज तुमचा काही सण आहे का? मी गवत कापायचं पुढे ढकलतो.” मी त्यांना खरं ते सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. ही चाचणी त्यांना चांगली माहीत होती, टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचे कृषी विस्तारवाले हीच तर सांगतात. फक्त इकडे त्यासाठी टूना माशाचे रिकामे डबे वापरतात. थांबा, माझ्याकडे भरपूर आहेत, म्हणत ते आत गेले आणि एक पिशवीभर डबे घेऊन आले. बाबांना ते पाहताक्षणी आवडले. कड सरळ, बूड सपाट. आईला मिसळणाच्या वाट्यांशेजारी माशाचे डबे मांडलेले दिसले, आणि त्यानंतर त्या वाट्या पुन्हा डब्यात जाणार नाहीत हे घरात सगळ्यांना न सांगता कळलं.

पंधरा मिनिटांनी निकाल लागला. स्प्रेच्या वाट्यांत नऊ-दहा मिलिमीटर. मधल्या रोटरच्या टापूत तीन. टपालपेटीखालच्या डब्यात सर्वांत जास्त. मॅग्नोलियामागच्या वाटीत काहीच नाही, फक्त तळाची जुनी हळद दवाने ओली झालेली. एक गोष्ट मात्र कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. कोपऱ्यातल्या रोटरच्या टापूत मधल्या रोटरच्या दुप्पट पाणी पडत होतं, आणि दोघे तर अगदी एकसारखे. बाबांनी ते पाच मिनिटांत सोडवलं. दोघांच्या तोंडाला नोझल तेच, मिनिटाला पाणी तेवढंच. पण कोपऱ्यातला पाव वर्तुळातच मागे-पुढे फिरतो आणि मधला अर्ध्या वर्तुळात. तेवढंच पाणी, निम्मी जागा. स्प्रेच्या बाबतीत कंपनी हा हिशेब आधीच करून देते, पाव वर्तुळाच्या नोझलमधून पाणीच पाव येतं. रोटरमध्ये मात्र बसवणाऱ्याने करायचा असतो. त्यासाठी प्रत्येक रोटरबरोबर लहान-मोठ्या नोझलांची एक प्लॅस्टिकची फणी देतात. गॅरेजमधल्या खणात अशा कितीतरी फण्या सापडल्या. एकाचाही दात मोडलेला नव्हता.

म्हणजे पंक्तिप्रपंच नुसत्या दोन वाढप्यांत नव्हता. पळीवाल्यांतही आपापसात होता.

उपाय म्हणाल तर दोन. खरा उपाय म्हणजे स्प्रेचा झोन वेगळा, रोटरचा वेगळा. त्यासाठी अंगण खणावं लागतं, नवा व्हॉल्व्ह, नवी वायर, आणि परवानाधारक माणूस जो अंदाजपत्रक इतक्या हळुवारपणे देतो की आपणच त्याला खुर्ची देतो. दुसरा उपाय त्यामानाने स्वस्त. रोटरी नोझल नावाची एक चीज मिळते. ती स्प्रेच्याच धडावर, जुन्या नोझलच्या जागी बसते, पण एका पंख्याऐवजी पाण्याच्या बारीक बारीक अनेक धारा सावकाश फिरवते, तासाला दहा मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे ओगराळंवाल्याच्या हातातलं ओगराळं काढून घ्यायचं आणि त्याला पळी द्यायची. माणूस तोच. आम्ही हा उपाय केला. कोपऱ्यातल्या रोटरना फणीतली लहान नोझलं दिली, टपालपेटीच्या स्प्रेला टोपण लावून निवृत्त केलं. आणि पाणी एकदम न देता तीन हप्त्यांत, मध्ये तासाभराची विश्रांती ठेवून द्यायला पेटीला शिकवलं, कारण काळी माती एका दमात पीत नाही. हे शेवटचं बाबांना शिकवावं लागलं नाही.

राहिला पितळी इम्पॅक्ट. तो काढायचा म्हटल्यावर बाबा हळवे झाले. आमच्याकडे कांद्याला, भुईमुगाला हाच लागतो, तुषार म्हणतात त्याला, आणि अमेरिकेत येऊन आपल्या वावरातलं ओळखीचं कुणी भेटलं तर ते एवढंच. मी त्यांना सांगितलं की हा मूळचा इथलाच. कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडोरा गावच्या ऑर्टन एंगलहार्ट नावाच्या लिंबूवर्गीय बागाइतदाराने १९३३ साली तो बनवला, आणि त्यातून रेन बर्ड ही कंपनी उभी राहिली. “बागाइतदाराने ना?” बाबा म्हणाले. “मग बरोबर.” इंजिनिअरने केला असता तर त्यांनी तो ठेवला नसता. पितळी इम्पॅक्ट साबणाच्या पाण्याने धुऊन, आईच्या साडीत गुंडाळून, रावेरला गेला. सामानाच्या तपासणीत त्याला उघडून पाहिलं गेलं, असं आईने फोनवर अभिमानाने सांगितलं.

अंगण आता बऱ्यापैकी एकसारखं हिरवं आहे. बऱ्यापैकी म्हणतो, कारण पिवळा तुकडा तिथेच आहे. पाणी सारखं झाल्यावर कारण शोधायला तिथे खणलं, तर वीतभर मातीखाली बिल्डरने पुरलेल्या विटा आणि सिमेंटचे गोळे निघाले. व्हॉट्सअ‍ॅपवर हे कुणीच सुचवलं नव्हतं. वास्तूवाले गृहस्थ मात्र म्हणाले, मी सांगत होतो. दुसरी अडचण गणपतीची. एवढी दारात दूर्वा असून एकवीस जुड्या इंडियन किराण्यातून विकत आणाव्या लागतात, कारण दारातल्या दूर्वेवर वसंतात तणनाशक मारलेलं असतं. तण म्हणजे काय, हे बाबांनी विचारलं नाही. बरं झालं.

तुमच्याही दारात सुकलेला तुकडा असेल तर पेटीतली मिनिटं वाढवण्याआधी एक करा. दिवसाउजेडी पाच मिनिटं झोन चालवा, तपासणीसाठी तेवढी मुभा बहुतेक ठिकाणी असते, आणि कोण ओगराळ्याने वाढतोय, कोण पळीने, ते मोजा. सगळी हेड एकाच प्रकारची आणि एकाच दराची निघाली तर कृपया कळवा. मी माशाचे डबे घेऊन बघायला येईन, कारण असं लॉन मी अजून पाहिलेलं नाही.